हळद न लागलेलं धोतर

धुळाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घड्याळ त्याच्याकडं नव्हतं आणि लागतही नव्हतं. सांगलीत वखारभागाच्या मागं आमच्या खोल्या होत्या. शेजारच्या गवळ्याच्या म्हशी उठायच्या आधी धुळा उठलेला असे. चूळ भरायची, रात्रीची भाकरी उभ्यानंच खायची, मुंडासं गुंडाळायचं आणि हरिपूरच्या वाटेला लागायचं. पाणी मात्र तो पीत नसे. एक घोटसुद्धा नाही.

मी ज्ञानू, फलटणकडचा. त्याच्याबरोबर त्या वाटेनं पाच वर्षं चाललो. धुळा माणदेशातला, म्हसवडच्या पुढचा. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा बायकोला, बनुबाईला घेऊन सांगलीला आला आणि आमच्या हमालांच्या टोळीत शिरला. मूलबाळ नव्हतं. पहिल्या दिवशी मुकादम अर्जुनानं त्याच्या पाठीवर हळदीचं पोतं दिलं. नवा माणूस पोतं घेतल्यावर आधी तोल सावरतो, मग चालतो. धुळा पोतं पाठीला लागायच्या आतच चालायला लागला होता. अर्जुना मला म्हणाला, "ह्यो टिकतोय."

तो टिकला. आणि सगळ्यात अवघड काम त्यानं आपणहून घेतलं. पेवात उतरायचं.

हळद जमिनीखाली ठेवायची ही हरिपूरची जुनी रीत. तिथली माती घट्ट. तिच्यात रांजणासारखा खड्डा खणतात, तोंड लहान आणि पोट मोठं. ते पेव. आत अस्तर लावून हळद ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षं गेली तरी हळदीला कीड लागत नाही. पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही, आतली कोंडलेली हवा माणूस मारते. आधी तोंड उघडं टाकायचं, मग दोराला बांधून कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर त्याच्यामागनं माणूस. आमच्या टोळीत कंदिलामागचा माणूस धुळा.

आत गेल्यावर गुडघाभर हळदीत उभं राहायचं आणि पाटीनं पोती भरायची. वरचे चौघं ओढून घेणार. ओल चालत नाही, म्हणून आत थुंकायचंसुद्धा नाही. लघवीला वर यायचं तर दोरानं ओढून घ्यावं लागे, तेवढा वेळ चौघांचे हात थांबत. आपल्यापायी चार माणसं थांबलेली धुळाला खपत नसे. म्हणून तो सकाळपासून पाणीच पीत नसे. दुपारी वर आला की अर्धी घागर रिकामी करी.

वर येई तेव्हा तो नखशिखांत पिवळा असे. पापण्या पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या. आम्ही सगळेच पिवळे असायचो, पण आमचा पिवळेपणा वरचा. धुळाचा मुरलेला. टाचांच्या भेगांत तर हळद कायमची बसलेली.

त्याचा मेव्हणा बिराप्पा वर्षातनं एकदोनदा घोंगडी विकायला सांगलीला येई. दारात पाय टाकायच्या आधीच सुरू व्हायचा.

"काय दाजी, हळद कवा उतरायची? लगीन हून वीस वर्सं झाली की!"

"तुझी भन रोज नव्यानं लावती, काय करू?" धुळा म्हणे.

"गावाकडं पोरं इचारत्यात, नवरदेव कवा येनार म्हनून."

"येतोय म्हनावं. वाजंत्री तयार ठेवा."

बनुबाई आतनं ओरडे, "बिरापा, च्या पायजे का टपली पायजे?"

सगळे हसत. धुळाही हसे. पण एकदा हरिपूरच्या वाटेवर, चिंचांच्या खाली, तो मला म्हणाला, "ज्ञानू, गावात एकदा पांढराफेक हून जायाचं हाय गड्या. हळदीचा ठिपका नको अंगावर."

आता धुण्याचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं धुण्यावरच आहे.

हळद लागलेल्या कपड्यावर धुण्याचा सोडा पडला की तो डाग लाल होतो. साधा लाल नाही, रक्तासारखा. भरपूर पाण्यानं खळबळला की पुन्हा पिवळा पडतो, उन्हात आणखी फिका होतो. आमच्या बायकांना हे पहिल्याच धुण्यात कळायचं. नवी सून घाटावर पहिल्यांदा किंचाळे आणि बाकीच्या हसत. कृष्णेच्या घाटावर हमालांच्या बायका जिथं धुणं धूत, तिथल्या दगडांवरनं सकाळभर लाल पाणी वाहत असे. कुणी त्याच्याकडं बघत नसे.

बनुबाईचं धुणं मी पाहिलं आहे. काम कसं करावं ते तिच्याकडनं शिकावं. कपडा भिजवला की सोडा, मग धोपटणं. तीनदा उलटा, तीनदा सुलटा. पाणी नितळ येईपर्यंत पिळणं नाही. नवऱ्याचे कपडे टोळीत सगळ्यात स्वच्छ, हे तिला ठाऊक होतं आणि तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात एकदा धुळा बाजाराच्या भिंतीकडनं लघवी करून आला आणि अर्जुनाला हळूच म्हणाला, "तांबडं व्हतंय."

अर्जुना वयानं मोठा. टोळीतल्या सगळ्यांच्या दुखण्याचं औषध त्याच्याकडं. "जळजळ?"

"न्हाई. कायच न्हाई. निस्तं तांबडं."

"उन्हाळी लागली तुला. दिवसभर पानी पीत न्हाईस, दुसरं काय हुनार? धनं भिजत घाल, खडीसाखर टाक, सकाळी गाळून पी."

धुळानं चार-पाच दिवस धन्याचं पाणी प्यालं. लाल थांबलं. अर्जुना म्हणाला, "बघ!" आम्हा सगळ्यांनाच पटलं. औषध घेतलं आणि गुण आला, यापुढं माणूस काय विचारणार? तो रोग असाच येतो, जातो आणि मधे महिनोन् महिने गप्प बसतो, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

त्याची कंबरही दुखत होती, डाव्या अंगाला. पण हमालाची कंबर दुखते हे कुणाला सांगायचं? तो थोडा वाळलाही होता. उन्हाळ्यात आम्ही सगळेच वाळायचो.

त्यानंतर ते लाल पुन्हा आलं का, किती वेळा आलं, ते धुळालाच ठाऊक. पेवातनं वर आलेला माणूस भिंतीकडं जातो तेव्हा डोळ्यांत हळद असते, भिंत पिवळी, हात पिवळे. तो बघत होता की नाही, मी सांगू शकत नाही. पण त्याचे कपडे घाटावर जात होते आणि रोज लाल होत होते. सोड्यानं सगळ्यांचेच होत होते.

त्याच वर्षीच्या दिवाळीला व्यापाऱ्यानं पोस्त दिली. धुळानं त्यात हप्त्यांची कमाई घातली आणि कापडपेठेत जाऊन धोतरजोडा घेतला. चांगला, काठाचा, खळीनं कडक. मीच बरोबर होतो. त्यानं दुकानात कापडाला हात लावला नाही. हात मागं बांधून उभा राहिला आणि दुकानदाराला म्हणाला, "तुमीच उलगडून दावा. माझं हात वंगाळ हायती."

जोडा म्हणजे दोन धोतरं एकाच कापडात. बनुबाईनं एक कापून वेगळं केलं. दुसरं तसंच ट्रंकेत ठेवलं.

गावाला जायच्या आधी धुळानं दोन दिवस पेवाचं काम घेतलं नाही. त्याच्या बाबतीत ही मोठी गोष्ट. अंग घासून घासून लाल केलं. एस.टी.त बसायच्या आधी फळी पुसली, वर रुमाल टाकला, मग बसला. तीन दिवसांनी परत आला तेव्हा चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं.

"काय म्हनला बिरापा?" मी विचारलं.

"वळखलंच न्हाई! येशीवर हुबा हुता. म्हनला, रामराम पावनं, कुनाकडं आलासा?" धुळा हसताना खोकायला लागला. "म्या म्हनलं, नवरदेवाची हळद उतारली रं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजाराच्या आवारात ट्रक भरत होतो. धुळा वर थप्पीवर होता. आवारात आमच्या घरच्या बायका येत नसत, तशी पद्धत नव्हती. आणि बनुबाई आली. पदर खोचलेला, पाय चिखलानं भरलेले, हातात ओलं धोतर. घाटावरनं थेट आली होती. वाटभर पाणी गळत आलं होतं.

"ज्ञानूभावजी, ह्यास्नी खाली बोलवा."

धुळानं वरनंच पाहिलं. "काय गं? फाडलंस का काय नवं धोतर?"

"ह्याला हळद कुठनं लागली?"

"लागली आसंल कुठंतरी."

"कुठं? ह्ये नेसून तुमी पेवात गेला न्हाईसा. बाजारात आला न्हाईसा. म्या हात मातीनं धुतलं. वरच्या अंगाच्या दगडावर, आधी दगड घासून, एकलं हेच धुवाया घेतलं." तिनं धोतर उलगडलं. पुढच्या बाजूला, काठाच्या जवळ, तळहाताएवढा तांबूस डाग होता. त्याच्या कडा पाण्यानं पसरल्या होत्या. "आनि म्या आजून सोडा टाकलाच न्हाई. निस्त्या पान्यात भिजवलं."

हळद आणि सोडा आम्हा प्रत्येकाला ठाऊक होता. हळद नाही, सोडा नाही आणि कापड लाल. याचा अर्थ समजायला कुणाला शाळेत जायची गरज नव्हती.

बनुबाई धोतराकडं बघत होती. मग तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी तिला ते एक धोतर दिसत नव्हतं. वर्षभराची धुणी दिसत होती.

"मग आदूगरचं?" ती म्हणाली. "आदूगर रोज निघायचं ते?"

"ती हळद," धुळा म्हणाला. "येडी का काय तू. ती हळदच हुती."

अर्जुना म्हणाला, "धुळा, खाली उतर. दवाखान्यात चल."

"एवढा ट्रक हू द्या."

आणि त्यानं ट्रक भरला. शेवटचं पोतं बसेपर्यंत खाली आला नाही. बनुबाई ते ओलं धोतर छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती.

मिरजेला नेलं. लघवीच्या रोगांचं बघणारे डॉक्टर होते, बोलायला शांत. त्यांनी काचेच्या बाटलीत लघवी धरायला सांगितली. धुळानं बाटली आणून टेबलावर ठेवली. डाळिंबाचा रस असावा तशी. डॉक्टरांनी ती उजेडात धरली.

"दुखतं का लघवी करताना?"

"न्हाई. कायच दुखत न्हाई."

"तेच बरं नाही," डॉक्टर म्हणाले. "खडा असता तर ओरडला असतात." मग बनुबाईला विचारलं, "बाई, कपड्यांवर याआधी कधी दिसलं होतं?"

"रोज," बनुबाई म्हणाली. "हळदीचं."

डॉक्टरांना कळलं नाही. मी सोड्याचं सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

धुळा लगेच म्हणाला, "डाक्टर, ती हळदच हुती. मला ठावं हाय की. रगत आत्ताच, ह्या दिवाळीत आलं." बोलताना तो माझ्याकडं बघत होता. डोळ्यांनी सांगत होता, गप्प बस.

तिच्यासमोर मी गप्प बसलो. पण डॉक्टरांना बाहेर गाठून उन्हाळीचं, धन्याच्या पाण्याचं सगळं सांगितलं. ज्याच्या हातात सुरी द्यायची त्याला खरं ठाऊक पाहिजे. डॉक्टर म्हणाले, "कधीही आलं असलं तरी आता उपचार तोच आहे. तुम्ही सांगितलंत ते बरं केलं. बाईंना मी काही विचारणार नाही."

"पानी पीत नव्हता, त्यानं झालं का?"

"तसं म्हणता येत नाही. असं कशानं होतं ते आम्हालाही नीट माहीत नाही."

शिरेत औषध घालून पोटाचे फोटो काढले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावून आम्हाला दाखवली. उजवं मूत्रपिंड पांढरं उमटलं होतं, शेंगेसारखं बाक असलेलं. डाव्या बाजूला तशी शेंग नव्हतीच, नुसता वेडावाकडा ढग. लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालूनही पाहिलं. धुळा नंतर म्हणाला, "पेवात कंदील सोडत्यात, तसंच. आत हवा हाय का बघाया."

गाठ होती. डावं मूत्रपिंड काढायचं ठरलं. माणूस एकावर जगतो, डॉक्टर म्हणाले. प्रश्न एवढाच होता की गाठ मूत्रपिंडातच राहिली आहे की बाहेर निघाली आहे. ते उघडल्यावरच कळणार.

रक्त लागणार होतं. बनुबाई पुढं झाली, "माझं घ्या. सगळं घ्या." तिचं बोट टोचून पाहिलं आणि नर्सनं मान हलवली, तिच्याच अंगात पुरेसं नव्हतं. मग टोळीला सांगितलं. हमाल मरणाला भीत नाही, पण रक्त द्यायला भितो. रक्त दिलं की पोतं उचलायची ताकद जाते, ही आमची सगळ्यांची खात्री. ताकद गेली की घर गेलं. अर्जुना तोंड धुऊन आला, बाही वर केली आणि खाटेवर झोपला. डोळे गच्च मिटले होते. तो झोपला म्हटल्यावर मी झोपलो.

"ज्ञानूचं रगत भरलं तर मी फलटनकरासारखा बोलाया लागीन का?" धुळानं विचारलं.

"निदान जेवाय तरी लागशील नीट," मी म्हणालो.

"आनि मुकादमाचं भरलं तर?"

"तर काम न करता वरडायला लागशील," अर्जुना डोळे मिटूनच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अर्जुनानं नेहमीसारखीच पोती उचलली. संध्याकाळी मला म्हणाला, "कायबी हुत न्हाई रं. उगंच भ्यालो जलमभर."

ऑपरेशनला सकाळी नेलं. बनुबाई व्हरांड्यात बसली होती. तिनं पिशवीतनं ते धोतर आणलं होतं, डाग तसाच ठेवून वाळवलेलं. घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घडी. दुपारी डॉक्टर बाहेर आले. मला बाजूला बोलावून पत्र्याच्या तबकात काढलेलं मूत्रपिंड दाखवलं. नातेवाइकांना दाखवायची रीत असावी. सोललेल्या नारळाएवढं होतं. एका टोकाला मूळचा आकार थोडा शिल्लक होता, बाकी सगळी गाठ. वजन मला न उचलता कळतं. एवढं ओझं हा माणूस आत घेऊन वर पोती वाहत होता.

"मूत्रपिंड काढलंय," डॉक्टर म्हणाले. "पण गाठ मोठ्या शिरेत शिरली होती. हात जाईल तेवढं काढलं. सगळं निघालं असं मी सांगणार नाही."

"आदूगर आलो असतो तर?"

डॉक्टरांनी व्हरांड्यातल्या बनुबाईकडं पाहिलं. "ते विचारू नका," ते म्हणाले.

पाठीपासनं पोटापर्यंत चीर होती. एक बरगडी काढली होती. कुशीतनं एक नळी, लघवीच्या वाटेला दुसरी, तिच्या टोकाला खाटेखाली बाटली. खोकायचं असलं की उशी कुशीवर दाबून धरायची. धुळाला खोकणं हेच काम दिलं होतं, छातीत कफ बसू नये म्हणून. तो ते पोतं उचलावं तसं करायचा. दम धरून, एका झटक्यात. घामानं भिजायचा, पण सांगितलं तितक्यांदा खोकायचा.

बनुबाई रोज सकाळी बाटली खाटेखालनं काढून खिडकीशी न्यायची आणि उजेडात धरायची. डॉक्टरांनी धरली होती तशीच. सिस्टर रागावली, तरी सोडलं नाही. लघवी लाल होती, मग गुलाबी, मग गढूळ. एके दिवशी ती खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. मग वळून म्हणाली, "आज पांढरी हाय." आणि खाली बसून रडली. इतके दिवस रडली नव्हती.

घरी आणलं. डॉक्टरांची एक अट होती, ओझं कायमचं बंद. आमच्या टोळीत रीत होती, आजारी गड्याचा वाटा चालू ठेवायचा. अर्जुना शनिवारी वाटा घेऊन गेला. धुळानं तो दोन वेळा घेतला. तिसऱ्या शनिवारी स्वतःच बाजारात आला, कुशीला हात लावून, पावलागणिक थांबत.

"बसून वाटा घ्यायचा न्हाई. पोती शिवतो."

भरलेल्या पोत्याचं तोंड दाभणानं शिवायचं काम. हे म्हातारे करतात. धुळा चाळिशीतला. टाका असा घट्ट घाली की ट्रकमधनं फेकलं तरी तोंड उलायचं नाही. पेवाच्या तोंडाशी दुसरा माणूस कंदील सोडे तेव्हा मात्र तो शिवणं थांबवून दोराकडं बघत राही.

बनुबाईनं त्या दिवसापासनं घरात सोडा आणला नाही. धुळाचे कपडे ती नुसत्या पाण्यात धुवायची, दुप्पट धोपटून. म्हणजे लाल निघालं तर ते हळदीचं असणार नाही. टोळीतल्या सगळ्यात स्वच्छ कपड्यांवर आता पिवळी पुटं दिसत. घाटावर बायका बोलत, ती ऐकत नसे. भिजवलेला प्रत्येक कपडा पाण्यातनं उचलून उन्हात धरायची.

एकदा मी घाटावर आंघोळीला गेलो होतो. ती धुणं टाकून माझ्यापाशी आली.

"भावजी, खरं सांगा. आदूगरचं ते रगत हुतं का हळद?"

"वयनी, धुळा सांगतोय ते खरं. हळद हुती."

"तुमी नदीकडं बघून बोललासा."

खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. कधी हळद असेल, कधी रक्त, कधी दोन्ही. सोड्याच्या पाण्यात ते वेगळं करता येत नाही. ती म्हणाली, "ह्या हातांनी धुतलं म्या. चांगलं घासून घासून धुतलं. एक डागबी ऱ्हाऊ दिला न्हाई." मग परत दगडाकडं गेली.

वर्ष बरं गेलं असं म्हणता येईल. सत्त्याहत्तरच्या संक्रांतीनंतर धुळाला खोकला लागला. दवाखान्यातल्यासारखाच कुशीला उशी धरून खोकायचा. रुमालावर लाल यायला लागलं. त्यानं पान खायला सुरुवात केली, आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं. बनुबाई रुमाल धुवायची आणि पानाबद्दल काही बोलायची नाही. मिरजेला छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फिल्म लावली, पाहिली आणि या वेळी आम्हाला काही दाखवलं नाही. म्हणाले, "घरी घेऊन जा. बाईंना जवळ राहू द्या."

शेवटचं पोतं त्यानं होळीच्या आधी शिवलं. नंतर खोलीतच होता. चैत्रात मी एका दुपारी त्याच्यापाशी बसलो होतो. बनुबाई त्याचे पाय चेपत होती. तो तिच्या हातांकडं बघत होता. मग म्हणाला, "ऐकलंस का गं? ती हळदच हुती."

बनुबाईचे हात थांबले. वर्षभर तिनं ही गोष्ट त्याच्याकडनं मानली नव्हती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "हळदच हुती ती. मला म्हाईत हाय."

त्याला बरं वाटलं असावं. त्यानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारीच तो गेला.

बिराप्पा सांजच्या एस.टी.नं पोचला. अंघोळ घालायची तयारी चालली होती. बाकी अंग दुखण्यात धुऊन धुऊन पांढरं पडलं होतं, पण टाचांच्या भेगांत हळद तशीच. बिराप्पानं साबणाची वडी मागितली. आम्ही म्हणालो, राहू दे रं, निस्तं पाणी घाल. ऐकलं नाही. पाटापाशी बसला आणि दाजीचे पाय घासायला लागला. "पांढरं करून पाठवतो," एवढंच पुटपुटत होता.

साबण लागला आणि भेगांतली हळद लाल झाली. पाटावरनं लाल पाणी निघालं, अंगणातनं वाट काढत दारापर्यंत गेलं. दारात बनुबाई उभी होती. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. बिराप्पाच्या हातातली वडी खाली पडली.

बनुबाईनं पाण्याकडं पाहिलं. खाली वाकली, दोन बोटं त्यात बुडवली, उजेडात धरली.

"हळद हाय ती," ती म्हणाली. "घाला पानी."

पांघरूण घालायला बिराप्पानं रीतीप्रमाणं माहेरचं कापड आणलं होतं. तिनं ते बाजूला ठेवायला लावलं आणि ट्रंक उघडली. जोड्यातलं दुसरं धोतर आत होतं, उलगडलंही नव्हतं. खळ तशीच कडक, घड्या मोडताना आवाज आला. तीन वर्षं धुळा पेवात उतरला, पाणी न पिता. त्या कमाईचं ते धोतर. जोड्यातलं एक त्यानं गावात तीन दिवस मिरवलं. दुसरं आम्ही त्याच्या अंगावर घातलं. त्याच्यावर हळदीचा ठिपका नव्हता.